कमी म्हणजे किती

धाकटा चोपन्न वर्षांचा झाला तरी ताईच्या तोंडी तो धाकट्याच होता. तिची हाक ऐकून ऐकून गल्लीनेही तेच नाव उचललं. वीस-पंचवीस वर्षांची पोरं सलूनमध्ये शिरताना "धाकटेदादा, मागून बारीक करा" म्हणायची आणि त्यातली गंमत आता कुणाच्या लक्षातही येत नसे.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. कपड्यांची दुरुस्ती करायची: चेन बदलणं, कॉलर उलटवणं, कंबर आत घेणं किंवा सैल करणं. तिचं मशीन पहिल्या मजल्यावरच्या खिडकीला लागून होतं आणि खिडकीतून रस्त्यापलीकडचं धाकट्याचं सलून सरळ दिसायचं. दोन खुर्च्या, लांबलचक आरसा, दाराशी वर्तमानपत्रांचा गठ्ठा. धाकट्याची बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नव्हतं. ताईचं लग्न आधी त्याच्या शाळेमुळे लांबलं, मग आईच्या आजारपणामुळे, आणि नंतर कुणी विषयच काढला नाही. दोघं एकाच घरात राहत, एकाच टेबलावर जेवत. वाढायचं काम ताईचं. धाकटा समोर येईल ते मुकाट्याने खायचा.

त्यांच्या आईला साखरेचा आजार होता. "मी गोडाला बोटसुद्धा लावत नाही," असं ती शेवटपर्यंत सांगायची, आणि ते खरंही होतं. फक्त सकाळी चार पाव, दुपारी ताटभर भात, संध्याकाळी उकडलेले बटाटे. गोड नाही म्हणजे साखर नाही, असंच घरात सगळे धरून चालले होते. आधी पायाचं एक बोट काळं पडलं. मग तीन बोटं काढली, मग घोट्यापासून पाय. चार वर्षं ताईने त्या पायाच्या पट्ट्या बदलल्या. तो वास अजून कधीतरी, कारण नसताना, तिच्या नाकात यायचा आणि ती हातातलं काम ठेवून खिडकी उघडायची.

दोन वर्षांपूर्वी धाकट्यालाही तोच आजार निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी घ्यायची गोळी लिहून दिली. "पाव, भात, बटाटा कमी करा, रोज चाला," असं सांगितलं. धाकटा चालायला लागला. पाव चाराचे तीन झाले. दोन वर्षं बरी गेली.

मग एका संध्याकाळी बूट काढता काढता तो सहज बोलून गेला, "डाव्या अंगठ्याला हल्ली मुंग्या येतात."

त्याच आठवड्यात वाचनालयात आहारावर एक व्याख्यान होतं, त्याला जाऊन ताई पहिल्या रांगेत बसली. व्याख्यान देणाऱ्या बाईंनी टेबलावर काचेचा पेला ठेवला, शेजारी वाडगाभर भात ठेवला आणि चमच्याने मोजून पेल्यात साखर टाकायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दहावर थांबल्या. म्हणाल्या, हा भात पोटात गेला की त्याची जवळजवळ एवढी साखर होते. पाव, बटाटा, बिस्किटं, फळांचा रस, सगळ्यांचं तेच. जिभेला गोड लागो न लागो, रक्ताला कळतं.

एवढी वर्षं ताई आईला साखर नाही म्हणून साखरच भरवत होती.

जाताना प्रत्येकाला एक पत्रक मिळालं. त्यात दोन रकाने होते, काय खावं आणि काय टाळावं. ताईने घरी आल्याबरोबर आपल्या कापडाच्या कात्रीने ते दोन रकाने नीट कापले आणि फडताळाच्या दारावर चिकटवले. उरलेला कागद खडू-फितीच्या खणात गेला.

दुसऱ्या दिवसापासून घरात पाव येणं बंद. भात बंद, बटाटा बंद, फळंही बंद. सकाळी दोन अंडी आणि काकडी. दुपारी मासा किंवा चिकनचा तुकडा आणि उकडलेली पालेभाजी. संध्याकाळी पुन्हा अंडी, नाहीतर पनीर.

"थोडासा पाव तरी?" तिसऱ्या दिवशी धाकट्याने विचारलं.

"थोडाथोडा करतच आईचा पाय गेला," ताई म्हणाली.

धाकट्याने काकडी खाल्ली. गोळी मात्र कधी चुकली नाही. ताई स्वतः पाण्याच्या पेल्याबरोबर ती त्याच्या हातावर ठेवायची.

तिने बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र आणलं. रोज सकाळी, उठल्या उठल्या, ती त्याचं बोट धरायची. एकशे ऐंशीचा आकडा दोन आठवड्यांत एकशे दहावर आला. ताई इतकी खूश झाली की शिवताना गुणगुणायला लागली. दिवसभरात दुसऱ्यांदा बघावं, असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

इकडे सलूनमध्ये वेगळंच चाललं होतं. अकराच्या सुमाराला धाकट्याला एकाएकी दरदरून घाम यायचा. छाती धडधडायची, कात्री धरलेला हात थरथरायचा, आणि समोरच्या माणसाचं डोकं लांब गेल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि हाताशी आली म्हणून लहान मुलांसाठी ठेवलेल्या बरणीतली एक लिमलेटची गोळी तोंडात टाकली. मग आणखी दोन. दहा मिनिटांत सगळं जागेवर. त्या दिवसापासून कंगव्यांच्या खणात तो चार-सहा गोळ्या ठेवायला लागला.

ताईला सांगायचं त्याने टाळलं. पण त्याचा पांढरा कोट धुवायला ताईच घ्यायची. खिशातून लिमलेटचे पाच चुरगळलेले कागद निघाले.

"हे काय आहे?"

"मुलांसाठी ठेवतो, गिऱ्हाइकांच्या."

"मुलं खाऊन कागद तुझ्या खिशात ठेवतात?"

धाकटा म्हणाला, "अकरा वाजता अंगात कसंतरीच होतं, ताई. हात कापतो. एखाद-दोन चघळल्या की बरं वाटतं."

"वाटणारच. सवय सुटताना शरीर मागतंच. व्याख्यानातल्या त्या बाई म्हणाल्या होत्या, पहिले काही आठवडे जड जातात."

"असेल तसं."

"आईच्या उशीखाली बिस्किटं सापडायची, आठवतं? तीही म्हणायची, बरं वाटतं म्हणून खाते." ताईने ते कागद टेबलावर एकेक करून सरळ केले. "तुझ्या पायाला पट्ट्या बांधायची ताकद आता माझ्यात नाही, धाकट्या."

एवढं बोलल्यावर विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई रस्ता ओलांडून सलूनमध्ये गेली, बरणी उचलली आणि कंगव्यांचा खण उपसून गोळ्या पिशवीत भरल्या. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, बाकावर दोघं बसले होते.

"छापा पडला," धाकटा त्यांच्याकडे बघून म्हणाला. सगळे हसले, तोही हसला.

ती सोमवारची गोष्ट. मंगळवारी आणि बुधवारी घाम आला तेव्हा तो मागच्या नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारून आला. सवय सुटते आहे, असं मनाशी म्हणत राहिला.

गुरुवारी पोस्टमास्तर आले. हे ऐंशीच्या घरातले, निवृत्त होऊन जमाना लोटलेला. स्वतःची दाढी स्वतः करायला हात स्थिर नाही म्हणून आठवड्यातून दोनदा धाकट्याकडे येत आणि खुर्चीत बसताच डोळे मिटून घेत. धाकट्याने फेस लावला. "सुनबाई कशा आहेत?" असं विचारलं. पोस्टमास्तरांनी उत्तर दिलं. त्याने उजवा गाल केला आणि पुन्हा विचारलं, "सुनबाई कशा आहेत?" पोस्टमास्तरांना वाटलं, थट्टा करतोय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याची जीभ जड होती. पोस्टमास्तरांनी डोळे उघडले, आणि त्याच क्षणी वस्तरा कानाच्या पाळीखालून जबड्यापर्यंत ओढला गेला.

खिडकीत बसलेल्या ताईला दिसलं ते एवढंच: सलूनच्या दारातून पोस्टमास्तर गालाला टॉवेल धरून बाहेर आले, आणि टॉवेल लाल होता. ती गळ्यातल्या फितीसकट जिना उतरली.

आत धाकटा आरशाखाली जमिनीवर बसला होता. कोट भिजून अंगाला चिकटलेला, चेहरा राखेसारखा. वस्तरा कुठेतरी पडला होता. ताईने त्याला दोन्ही खांद्यांना धरलं. त्याने तिच्याकडे बघितलं, पण ओळखल्यासारखं नाही.

"खुर्ची रिकामी आहे," तो शांतपणे म्हणाला. "बसा."

शेजारच्या चष्म्याच्या दुकानवाल्याने आपली गाडी काढली. पोस्टमास्तरांना पुढे बसवलं, धाकट्याला मागे ताईच्या मांडीवर आडवं घातलं, आणि गाडी दवाखान्यात नेली. नर्सने बोट टोचलं, आकडा बघितला आणि धावतच आत गेली. हातात सुई लावून साखरेचं पाणी चढवलं. काही मिनिटांतच धाकट्याचे डोळे निवळले. त्याने छताकडे बघितलं, मग ताईकडे.

"ताई, दुकान उघडं राहिलं."

डॉक्टरीणबाई ताईला बाजूला घेऊन गेल्या. "साखर अडतीस होती," त्या म्हणाल्या. "सत्तरच्या खाली गेली की धोका असतो. सकाळी काय खाल्लं त्यांनी?"

"दोन अंडी, काकडी."

"आणि पाव?"

"पाव नाही. भात नाही, बटाटा नाही, फळ नाही. महिना होत आला, घरात आणतच नाही मी." ताई हे सांगताना नकळत ताठ उभी राहिली.

"आणि गोळी?"

"ती मी स्वतः देते. एकदाही चुकवली नाही."

डॉक्टरीणबाईंनी टेबलाशेजारचं स्टूल पुढे ओढलं आणि ताईला बसायला लावलं.

"ही गोळी मी दिली तेव्हा ते तीन-चार पाव खात होते," त्या म्हणाल्या. "गोळीला कळत नाही तुम्ही काय वाढलं ते. ती आपलं साखर खाली आणायचं काम करत राहते. अन्नातून साखर आलीच नाही तर असेल नसेल तीही खाली नेते. असा आहार बदलायचा तर गोळी कमी करावी लागते, कधी बंदसुद्धा. मला विचारलं का नाही?"

"तुम्हीच म्हणाला होता कमी करा."

"कमी म्हणाले होते. बंद नाही म्हणाले."

"कमी म्हणजे किती, ते कुठे सांगितलं होतं?" ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचलून नवा कागद पुढे घेतला. "आधी काही लक्षणं दिसली नाहीत? घाम, थरथर?" त्यांनी विचारलं.

ताईने मान हलवली. हो म्हणायला की नाही म्हणायला, ते तिचं तिलाही समजलं नाही. ती एवढंच म्हणाली, "लिमलेटची गोळी खाल्ली की बरं वाटतं म्हणायचा."

"बरोबर होतं त्यांचं. तोच त्यावरचा उपाय."

पोस्टमास्तरांना आठ टाके पडले. शीर थोडक्यात वाचली.

धाकट्याला संध्याकाळी घरी सोडलं. गोळी निम्मी झाली होती, आणि दर जेवणात एक पाव किंवा छोटी वाटी भात, बरोबर डाळ आणि भरपूर भाज्या, मधल्या वेळी एखादं फळ, असं ताईच्या हाती लिहून दिलं होतं. पुढले आठ दिवस दिवसातून चारदा साखर बघायची होती. तो दमून झोपला. ताईने खडू-फितीचा खण उघडला आणि पत्रकाचा उरलेला तुकडा काढला. कापलेल्या चौकोनाच्या खालीच एक ओळ होती: आजारासाठी औषध चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नये. अक्षर बारीक होतं, पण वाचता येत होतं. कापताना कात्री त्या ओळीच्या अगदी वरून गेली होती.

धाकटा उठल्यावर तिने सांगितलं, "डॉक्टर म्हणाल्या, साखर फार उतरली होती."

"उतरावी म्हणूनच तर सगळं चाललं होतं ना?"

ताई गॅसवर काही नसताना गॅसकडे गेली.

चार दिवस तिने त्याहून जास्त तोंड उघडलं नाही. धाकट्याने सलून उघडलं नाही. तो खिडकीशी बसून आपलेच तळहात उलटसुलट करून बघायचा. "हात गेला माझा," एकदा म्हणाला. "वयाने जातोच कधीतरी. पण कुणाचा गाल कापून कळावं, असं नको होतं व्हायला." मग म्हणाला, "दुकान द्यावं म्हणतो कुणालातरी."

खरं सांगायचं म्हणून ताई दोनदा तोंड उघडून बसली आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून गेली.

पाचव्या दिवशी पोस्टमास्तरांची सून आपल्या मुलाची पँट घेऊन आली. पँटमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "राग मानू नका. लोक म्हणतात, सकाळीसकाळी घेतलेली होती त्यांनी. जीभ जड होती, पाय लटपटत होते. आमचे सासरे नाही म्हणतात, पण ते कुणालाच वाईट म्हणत नाहीत."

आतल्या खोलीत धाकटा जागा होता. दार लोटलेलं होतं. ताईने त्या दाराकडे बघितलं, मग समोरच्या बाईकडे. आपण गप्प राहिलो त्या चार दिवसांत गल्लीने त्याला दारुडा ठरवून टाकलं, हे तिला आत्ता कळत होतं.

"चला," ती म्हणाली, "तुमच्याकडेच येते मी."

पोस्टमास्तर आरामखुर्चीत बसले होते, अर्धा चेहरा पट्टीखाली. ताईने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाव-भात कसा बंद केला, गोळी कशी चालू ठेवली, तो हात कापतो म्हणाला तेव्हा आपण काय उत्तर दिलं, आणि बरणी कशी रिकामी केली.

"त्या वेळी मी बाकावरच होतो," पोस्टमास्तर म्हणाले. पट्टीमुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं. "मीही हसलो होतो."

सुनेने ताईला पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. ताई पाणी पिऊन निघाली.

घरी धाकटा टेबलापाशी उभा होता. त्याने दाराआडून सुनेचं बोलणं ऐकलं होतं. ताईने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. जे तिकडे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, आणि वर पत्रकाचे दोन्ही तुकडे टेबलावर जोडून ठेवले.

धाकट्याने ते वाचलं. वाचायला त्याला फार वेळ लागला.

"मी तुला सांगितलं होतं, ताई," तो शेवटी म्हणाला. "हात कापतो म्हणून."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"मला खोटं वाटलं. आईसारखा बहाणा करतोस असं वाटलं."

"मी आई नाही." त्याचा आवाज चढलेला तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "चार दिवस मी हाताकडे बघत बसलोय. तू समोर बसून बघत होतीस."

ताई रडली नाही. तेवढा हक्क आपल्याला उरला आहे, असं तिला वाटेना. धाकटा बूट घालून बाहेर गेला आणि दोन तासांनी परत आला. आल्यावर म्हणाला, "चूक माझीही आहे. चोपन्न वर्षांचा बाप्या मी. स्वतःच्या पायाने डॉक्टरकडे जाऊन विचारता आलं असतं. ते केलं नाही." पण हे म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात सलून उघडलं. दाराच्या काचेवर त्याने एक कागद लावला: फक्त केस कापले जातील. वस्तऱ्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लावायला हरकत नाही, हात ठणठणीत आहे. "हाताचं नाही," एवढंच तो म्हणाला. अफवा काही ठिकाणी मिटली, काही ठिकाणी नाही. जुनी गिऱ्हाइकं निम्मीच परतली. पोस्टमास्तर महिन्याभराने आले. दाढी वाढवून त्यांनी व्रण झाकला होता. दाढीला कात्रीने आकार देऊन हवा होता. खुर्चीत बसल्यावर त्यांनी सवयीप्रमाणे डोळे मिटले, मग उघडले आणि काम होईपर्यंत उघडेच ठेवले. धाकट्याने ते आरशात बघितलं.

अंगठ्याच्या मुंग्या तशाच होत्या. साखर आता फार वरही जात नव्हती, फार खालीही नाही. सकाळी तो आपला एक पाव स्वतः कापून घ्यायचा, बोट स्वतः टोचायचा आणि आकडा बघून यंत्र बंद करायचा. ताई तिकडे पाठ करून चहा गाळत राहायची. त्याच्यापुढे काय ठेवावं याची आता तिला भीती वाटायची. पाव ठेवला तरी, नाही ठेवला तरी.

तपासणीची तारीख आली. ताई तयार होऊन बसली होती. धाकटा म्हणाला, "मी जाऊन येतो." ती बसूनच राहिली. दीड तास तिने एका पँटच्या एका पायाची दुमड उसवण्यात घालवला. तो परत आला तेव्हा तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"पुढच्या महिन्यात बोलावलंय."

"आणि आकडे..."

"ताई."

ती थांबली. धाकटा खुर्चीत बसला, वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एक बूट काढून झाल्यावर त्याने आपणहून आकडे सांगितले, उपाशीपोटीचा, जेवणानंतरचा, तीन महिन्यांच्या सरासरीचा. जेवणानंतरचा जरा जास्त होता.

त्या दिवशी काय खाल्लं होतंस, हा प्रश्न ताईच्या अगदी ओठांवर आला. "बरं," ती म्हणाली, आणि पँटच्या दुसऱ्या पायाची दुमड उसवायला घेतली.